पालकनिधीवर चालणारे तास आणि २०२० ची कपात : सांता क्लारा काउंटीतील एका प्राथमिक शाळेचे प्रकरण

मार्च २०२० मध्ये करोनामुळे कॅलिफोर्नियातील शाळा बंद झाल्या, तेव्हा सांता क्लारा काउंटीतील एका सरकारी प्राथमिक शाळेत संगीत, चित्रकला, विज्ञानाची प्रयोगशाळा आणि शारीरिक शिक्षण यांचे तास मुख्यतः पालकांच्या देणग्यांवर चालत होते. मे महिन्यात या देणग्या जमवणाऱ्या पालकांच्या संस्थेने, म्हणजे फाउंडेशनने, पुढील शैक्षणिक वर्षाची तरतूद घटवली. कपात करावी लागेल याविषयी फारसे दुमत नव्हते. कशाला आधी हात लावायचा यावर मात्र जी चर्चा व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि त्याचा परिणाम शाळेला पुढे दोन वर्षे भोगावा लागला. पालक म्हणून मी त्या सभांना हजर होते. फाउंडेशनचे हिशेब सर्व पालकांना खुले असल्यामुळे ते पुढेही पाहत आले, आणि त्या आधारे हे प्रकरण मांडत आहे. शाळेचे आणि संबंधितांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

सरकारी शाळेला पालकांचा पैसा का लागतो

सिलिकॉन व्हॅलीसारख्या श्रीमंत भागातील सरकारी शाळेला संगीताच्या शिक्षकासाठी पालकांपुढे हात का पसरावे लागतात, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पन्नासहून अधिक वर्षे मागे जाते. १९७१ साली ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून ठेवण्याची पद्धत समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली, कारण तिच्यामुळे श्रीमंत वस्तीतील मुलाच्या वाट्याला गरीब वस्तीतील मुलाच्या कितीतरी पट पैसा येत होता. पुढे १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ (थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मंजूर केले. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला गेला, मालमत्ता विकली जाईपर्यंत तिचे मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येईनासे झाले, आणि शाळांसाठी नवा स्थानिक कर लावायचा तर दोन तृतीयांश मतांची अट आली. शाळांच्या खर्चाची सूत्रे त्यामुळे राज्याच्या हाती गेली, आणि ज्या वस्त्यांना आपल्या मुलांसाठी अधिक खर्च करायचा होता पण कर वाढवता येत नव्हता, त्यांनी ऐंशीच्या दशकापासून देणगीचा मार्ग धरला. शाळेशाळेतील पालकांची फाउंडेशने या काळात वाढली. हे केवळ कॅलिफोर्नियात घडले असेही नाही. अमेरिकेत सरकारी शाळांना मदत करणाऱ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांची संख्या १९९५ मध्ये सुमारे साडेतीन हजार होती, ती २०१० पर्यंत अकरा हजारांच्या पुढे गेली.

२०१३ मध्ये राज्याने अनुदानाचे नवे सूत्र आणले. त्यात प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम मिळते; गरीब कुटुंबातील, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या किंवा पालनगृहात वाढणाऱ्या मुलांमागे वीस टक्के अधिक मिळतात; आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर असेल तर त्यावर आणखी भर पडते. हे सूत्र मला न्याय्य वाटते आणि त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु ज्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे काउंटीतील एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेत) अशी मुले कमी आहेत त्याला जवळजवळ मूळ रकमेवरच भागवावे लागते, आणि घरभाडे आभाळाला भिडलेल्या भागात शिक्षक टिकवायचे तर त्या रकमेचा बहुतांश भाग पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनात जातो. उरलेल्या पैशात संगीत आणि चित्रकला बसत नाही. शेजारच्या पालो आल्टोसारख्या डिस्ट्रिक्टची गोष्ट निराळी आहे, कारण तेथील मालमत्ता कराचे उत्पन्नच राज्याच्या सूत्रापेक्षा अधिक असते आणि ते त्यांच्याकडेच राहते. आमच्या शाळेला ती सोय नव्हती.

या व्यवस्थेची आणखी एक बाजू प्रकरण समजण्यासाठी आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत शाळा मोफत असण्याची हमी आहे, आणि १९८४ च्या ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ या निकालाने अभ्यासेतर उपक्रमांसाठीही फी घेण्यास मनाई केली. २०१२ मध्ये हीच गोष्ट कायद्यात अधिक स्पष्ट लिहिली गेली. म्हणून फाउंडेशन कुणाकडूनही पैसे ‘घेऊ’ शकत नाही. ते प्रत्येक मुलामागे एक रक्कम सुचवते, आणि ज्याने काहीच दिले नाही त्याचे मूलही त्याच संगीताच्या तासाला बसते. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला १९८७ पासून कायद्याने बंदी असूनही शाळाप्रवेशाच्या वेळी ‘डोनेशन’ मोजलेले आपले कित्येक पालक येथे येतात, तेव्हा ‘न दिल्यास काहीही होत नाही’ यावर त्यांचा लवकर विश्वास बसत नाही. काही जण भीतीपोटी सुचवलेली पूर्ण रक्कम देतात, तर काहींना नियम कळल्यावर देण्याचे प्रयोजनच उरत नाही. दोन्ही प्रकारचे पालक मी पाहिले आहेत. ही व्यवस्था ज्या सदिच्छेवर उभी आहे तिच्या मागे वसुलीचे कोणतेही साधन नाही, हे साथीच्या वर्षात फार प्रकर्षाने जाणवले.

वर्षाचे वेळापत्रक आणि त्यातील फट

फाउंडेशनचे आर्थिक वर्ष ठरलेल्या वळणाने जात असे. ऑगस्टमध्ये शाळा उघडताच देणगीचे आवाहन, ऑक्टोबरमध्ये मुलांचा वॉकथॉन (मुलांनी चालून देणग्या मिळवण्याचा कार्यक्रम), आणि मार्चच्या अखेरीस एखाद्या सभागृहात जेवण व लिलाव. शिवाय येथील बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात. म्हणजे एखाद्या आईने पाचशे डॉलर दिले आणि कंपनीचा अर्ज भरला, तर फाउंडेशनला हजार मिळतात. या ‘मॅचिंग’मुळे उत्पन्न चांगले दिसे, पण ती नोकरी गेली किंवा अर्ज भरायचा राहिला तर एका घरामागे दोन देणग्या बुडत.

खर्चाची बाजू याहून ताठर होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे पुढील वर्षी ज्या शिक्षकाला कामावर ठेवता येणार नाही त्याला १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस आणि १५ मेपर्यंत अंतिम नोटीस द्यावी लागते. त्यामुळे डिस्ट्रिक्ट फाउंडेशनला फेब्रुवारीतच विचारत असे की पुढील वर्षी किती पैसे देणार. फाउंडेशन आकडा सांगे. परंतु तो पैसा हातात नसे, तो पुढील ऑगस्टपासून जमायचा असे. आदल्या वर्षी जमले म्हणून पुढील वर्षीही जमेल, या भरवशावर माणसांचे पगार ठरत होते. राखीव निधी होता, पण तो लिलावाच्या सभागृहाची अनामत, छपाई आणि वर्षारंभीचा किरकोळ खर्च भागवण्यापुरता. देणगीदारांना आपला पैसा याच वर्षी आपल्या मुलासाठी खर्च व्हावा असे वाटते, आणि खात्यात मोठी शिल्लक दिसली की ‘मग आम्ही कशाला द्यायचे’ असा प्रश्न सभेत येतो. त्यामुळे शिल्लक न ठेवणे हाच चांगल्या कारभाराचा पुरावा मानला जात असे.

या पैशातून ज्यांना वेतन मिळे त्यांचे दोन वर्ग होते. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक डिस्ट्रिक्टच्या नोकरीत होते. फाउंडेशन त्यांच्या पगाराइतके अनुदान डिस्ट्रिक्टला देई, आणि त्यांना युनियनचे व नोटिशीचे संरक्षण होते. संगीत आणि चित्रकला शिकवणाऱ्या बाई मात्र बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटावर येत, त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळे, आणि करारात पंधरा-वीस दिवसांच्या पूर्वसूचनेने काम थांबवण्याची तरतूद होती. प्रयोगशाळेची मदतनीस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होती: नोकरी डिस्ट्रिक्टची, पण तास फाउंडेशनच्या पैशावर.

या तासांचा एक उपयोग पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. विशेष शिक्षक वर्ग घेत असताना वर्गशिक्षिकेला पुढील पाठाची तयारी करायला आणि वह्या तपासायला वेळ मिळतो. हे तास गेले की मुलांचे संगीत जाते आणि वर्गशिक्षिकेचा दिवसही सलग होतो.

मार्च ते मे

शुक्रवार, १३ मार्चला काउंटीतील शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. नोटिशींची कायदेशीर मुदत त्याच आठवड्याच्या शेवटी, रविवारी संपत होती. सोमवारी बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातील, सहा काउंट्यांनी घरातच राहण्याचा आदेश काढला आणि तो मंगळवारपासून लागू झाला. डिस्ट्रिक्टला दिलेला शब्द जुन्या जगातला होता आणि तो पाळायचा होता नव्या जगात. लिलाव रद्द करावा लागला. दुकानदारांनी आणि उपाहारगृहांनी लिलावासाठी दिलेली कुपने कार्यालयातील खोक्यात तशीच राहिली, आणि ज्यांची दुकानेच बंद होती त्यांच्याकडे रोख मदत मागणे कुणालाही बरे वाटले नाही.

एप्रिल-मेमध्ये संगीताचे तास झूमवर चालू राहिले. ते कसे चालले हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण पुढील निर्णयात ‘ऑनलाइन संगीताला अर्थ नाही’ हे वाक्य फार सहज वापरले गेले. तिसरीची मुले रेकॉर्डर, म्हणजे आठ भोकांची साधी बासरी, शिकत होती. झूमवर आवाज पोहोचायला लागणारा वेळ इतका असतो की दोन मुले एकत्र वाजवूच शकत नाहीत. सगळ्यांना आवाज बंद ठेवून बाईंच्या सुरावर एकट्याने वाजवावे लागे. त्यातही झूमची आवाज गाळण्याची यंत्रणा लांब धरलेल्या सुराला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजून दाबून टाकी, त्यामुळे मूल गाल फुगवून वाजवताना दिसे आणि ऐकू मात्र काहीच येत नसे. बाईंनी प्रत्येक घरी कळवून मूळ आवाज जाऊ देण्याची सेटिंग सुरू करून घेतली, मुलांना दोन-दोन मिनिटे एकेकट्याने ऐकले, आणि कुणाची करंगळी शेवटच्या भोकावर नीट बसत नाही हे पडद्यावरून दाखवून दिले. शिकवणे चालू होते. ते हळू होते आणि फार कष्टाचे होते, एवढेच.

१४ मे रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सुधारित अंदाजपत्रक मांडले. त्यात ५४.३ अब्ज डॉलरची तूट अपेक्षित धरली होती, आणि केंद्राची मदत न आल्यास शाळांच्या अनुदान सूत्रात दहा टक्के कपात सुचवली होती. त्यानंतर लगेच झालेल्या फाउंडेशनच्या सभेत वातावरण काय असेल याची कल्पना करता येईल. तेथे जमलेल्या अनेक कुटुंबांचा व्हिसा नोकरीवर अवलंबून होता. एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवसांची मुदत मिळते. अशा घराला पुढील ऑगस्टची देणगी आज कबूल करा असे सांगणे अवघडच होते.

फाउंडेशनच्या समितीने पुढील वर्षाचे उत्पन्न निम्म्यावर येईल असे गृहीत धरले आणि खर्च त्या बेतात बसवला. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक राहिला, कारण त्याला अंतिम नोटीस देण्याची मुदत उलटून गेली होती. प्रयोगशाळेच्या मदतनिसाचे तास घटवले. संगीत आणि चित्रकलेचे करार नव्याने करायचे नाहीत असे ठरले. उरलेल्या पैशातून घरी संगणक नसलेल्या मुलांसाठी तरतूद झाली, आणि ती योग्यच होती. सभा दीड-दोन तासांत आटोपली.

हा क्रम कसा लागला याकडे बारकाईने पाहिले की एक गोष्ट दिसते. संगीत कमी महत्त्वाचे आहे असे कुणीही म्हटले नव्हते. जो खर्च थांबवायला सर्वांत कमी कागदपत्रे लागत होती तो आधी थांबवला गेला. थांबवायला जे सोपे असते ते पुन्हा सुरू करायला सोपे असतेच असे नाही. कंत्राटावरील कलाशिक्षकांच्या बाबतीत तर नेमके उलट असते. डिस्ट्रिक्टचा शिक्षक वर्षभराने परत बोलावता येतो. तासावर जगणारी संगीतशिक्षिका तोवर थांबू शकत नाही.

जी कपात आली नाही

जूनच्या अखेरीस राज्याचे अंदाजपत्रक मंजूर झाले तेव्हा सुचवलेली दहा टक्के कपात त्यात नव्हती. विधिमंडळाने ती नाकारून वेगळा मार्ग काढला: शाळांना देय असलेल्या रकमेपैकी सुमारे ११ अब्ज डॉलर पुढील आर्थिक वर्षात उशिरा द्यायचे, आणि मधल्या काळात डिस्ट्रिक्टने लागल्यास कर्ज काढून चालवायचे. त्यासोबतच्या कायद्याने त्या वर्षी शिक्षकांना कामावरून कमी करण्यास, तसेच बस, भोजन आणि स्वच्छता विभागातील कर्मचाऱ्यांच्या कपातीस आळा घातला. बाहेरच्या संस्थेमार्फत येणाऱ्या आणि पालकांच्या पैशातून मानधन घेणाऱ्या माणसांचा या संरक्षणात समावेश नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती शाळेची माणसेच नव्हती.

जानेवारी २०२१ पर्यंत राज्याचे उत्पन्न अंदाजाच्या कितीतरी वर गेले, आणि मे २०२१ मध्ये गव्हर्नरांनी ७५.७ अब्ज डॉलरची शिल्लक जाहीर केली. यामागचे कारण येथील कररचनेत आहे. कॅलिफोर्नियाचा आयकर मोठ्या प्रमाणावर अतिश्रीमंतांकडून येतो. त्यांची कामे घरून चालू राहिली, शेअर बाजार काही महिन्यांत सावरला, आणि भांडवली नफ्यावरील कर भरभरून आला. साथीची झळ बसली ती उपाहारगृहे, दुकाने, साफसफाई अशा कामांतील लोकांना, ज्यांच्याकडून राज्याला आयकर मुळातच थोडा मिळतो. आमच्या शाळेतील बहुतेक पालक पहिल्या गटात मोडणारे नसले तरी त्याच कंपन्यांत काम करणारे होते. भीती वाटली तितक्या नोकऱ्या त्यांच्यात गेल्या नाहीत.

तरीही २०२०-२१ मध्ये देणग्या घटल्या. पालक कंगाल झाले म्हणून त्या घटल्या असे हिशेब आणि बोलणी पाहता मला वाटत नाही. जे तास बंद आहेत त्यांच्यासाठी पैसे मागितले जात होते, हे खरे कारण होते. राज्याने दूरस्थ शिक्षणासाठी रोजची किमान मिनिटे ठरवून दिली होती, बालवाडीसाठी १८०, पहिली ते तिसरीसाठी २३० आणि चौथीपासून पुढे २४०, आणि वर्गशिक्षिकांची सगळी शक्ती ती भरण्यात जात होती. संगीत नाही, चित्रकला नाही, वॉकथॉन नाही, शाळेच्या फाटकापाशी भेटणारे स्वयंसेवक नाहीत. ऑगस्टच्या ईमेलला उत्तर देण्यासारखे पालकांच्या डोळ्यांसमोर काही उरले नव्हते. काही कुटुंबांनी मुले उघड्या असलेल्या खासगी शाळांत घातली, काही दुसऱ्या राज्यांत गेली. त्या एका वर्षात कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांतील विद्यार्थिसंख्या १,६०,००० हून अधिक घटली. उत्पन्न घटेल या भीतीने कार्यक्रम बंद केले, आणि कार्यक्रम बंद झाल्यामुळे उत्पन्न घटले.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मुले पूर्णवेळ वर्गात परतली. चित्रकलेचे तास त्या वर्षी अर्धे-मुर्धे सुरू झाले, निराळ्या बाईंसह. संगीताला शिक्षक मिळाला नाही. ज्या संस्थेशी करार होता तिच्याकडील माणसे पांगली होती. आमच्या बाईंनी घरभाडे परवडेना म्हणून बे एरिया सोडला होता. संगीत परत आले ते २०२२ च्या हिवाळ्यापूर्वी. तोवर मार्च २०२० मध्ये तिसरीत रेकॉर्डर धरलेली मुले पाचवी पूर्ण करून मिडल स्कूलमध्ये गेली होती. तेथील बँडमध्ये प्राथमिक शाळेतून वाद्याची ओळख करून आलेली मुले जातात, त्यामुळे त्या तुकडीतून नावे थोडी आली. दोन वर्षांचा खंड एवढा लांब जातो.

या प्रकरणातून काढलेले निष्कर्ष आणि एक अपुरा राहिलेला मुद्दा

२०२० च्या मेमध्ये समितीपुढे दुसरा पर्याय होता का, याचे उत्तर होकारार्थी आहे. कराराचे तास एक तृतीयांशावर आणून बाईंना थोडे पण निश्चित मानधन देता आले असते. मुलांना महिन्याकाठी कागद, रंग आणि वाद्याचे साहित्य शाळेच्या पार्किंगमध्ये वाटता आले असते, जसे काउंटीतील इतर शाळांनी केले. आणि निर्णय ऑगस्टपर्यंत दोन टप्प्यांत घेता आला असता, कारण कंत्राटाला मे महिन्याची कोणतीही कायदेशीर मुदत नव्हती. ती मुदत फक्त डिस्ट्रिक्टच्या नोकरांसाठी होती. राज्याचे अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत सहा आठवडे थांबले असते तरी चित्र पुष्कळ स्पष्ट झाले असते.

फाउंडेशनने नंतर नियम बदलले. या वर्षी जमलेला पैसा पुढील वर्षी खर्च करायचा, म्हणजे फेब्रुवारीत डिस्ट्रिक्टला दिलेला आकडा खात्यात आधीच असतो. हा बदल करण्यासाठी एका वर्षाचा जादा निधी उभा करावा लागला, आणि त्यास तीन वर्षे लागली. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर केले, ज्यामुळे कला आणि संगीत शिक्षणासाठी दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलरची स्वतंत्र तरतूद झाली. मोठ्या डिस्ट्रिक्टना त्यातील किमान ८० टक्के रक्कम शिक्षक व कर्मचाऱ्यांवर खर्च करावी लागते, आणि हा पैसा आधीच्या खर्चाच्या जागी न वापरता त्यात भर म्हणून वापरायचा असतो. संगीतशिक्षक आता डिस्ट्रिक्टच्या नोकरीत येऊ शकतो. पालकनिधीने चाळीस वर्षे जे काम केले ते मुळात सार्वजनिक पैशाचेच होते, ही माझी धारणा या कायद्याने पक्की झाली.

एक मुद्दा मात्र तसाच राहिला आहे. आमच्या शाळेपासून मोटारीने अर्ध्या तासावर पूर्व सॅन होजे आहे. काउंटीत साथीने सर्वांत जास्त आजार आणि मृत्यू ज्या वस्त्यांत झाले त्यांत त्या भागाचा समावेश होता, आणि तेथील शाळांना आमच्यासारख्या फाउंडेशनचा आधार नाही. आम्ही जे गमावले म्हणून हळहळलो ते तेथे पालकांच्या पैशाने कधी उभेच राहिले नव्हते. निधी वाटून घेण्याचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. पालो आल्टोत शाळेशाळेचा पैसा एकत्र करून संपूर्ण डिस्ट्रिक्टमध्ये वाटला जातो. ओरेगनमधील पोर्टलंडमध्ये कित्येक वर्षे शाळेच्या फाउंडेशनने पहिले दहा हजार डॉलर स्वतःकडे ठेवायचे आणि पुढील रकमेतील एक तृतीयांश सामाईक निधीत घालायची, असा नियम होता. सांता मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये निधी एकत्र करण्याचे धोरण घेतले, त्या वेळी तेथील एका शाळेत मुलामागे २,१०० डॉलर जमत होते आणि दुसरीत ९६. मालिबूच्या पालकांनी त्याला कडाडून विरोध केला. ही तिन्ही उदाहरणे आपापल्या डिस्ट्रिक्टच्या आतली आहेत. काउंटीभर डिस्ट्रिक्टच्या सीमा ओलांडून असे काही करायचे तर कायद्याने अडचण नाही, कारण देणगी कुणालाही देता येते; अडचण आहे ती पालकांच्या तयारीची.

आमच्या समितीपुढे एका पालकाने जमलेल्या रकमेचा दहावा हिस्सा पूर्व सॅन होजेतील एका शाळेच्या संगीतासाठी देण्याचा प्रस्ताव ठेवला. तो मतास टाकला गेला आणि नामंजूर झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की देणगीदारांनी पैसा आपल्या शाळेच्या नावाने दिला आहे आणि तो इतरत्र वळवणे हा त्यांचा विश्वासघात ठरेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यावर उपायही आहे: देणगीच्या अर्जावर दुसरी, वेगळी ओळ छापावी, आणि ज्याला त्या शाळेसाठी द्यायचे आहे त्याने तेथे रक्कम लिहावी. या वर्षीच्या अर्जावर ती ओळ यावी यासाठी आम्ही काही पालक पुन्हा प्रस्ताव देत आहोत.